पाळीची राखण

हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, किलाउएआ या गावाच्या वरच्या अंगाला, उसाच्या मळ्यांना पाणी पुरविण्यासाठी १८९० साली बांधलेले का लोको नावाचे मातीचे धरण १४ मार्च २००६ रोजी उजाडण्यापूर्वी फुटले, आणि सुमारे चाळीस कोटी गॅलन पाणी खालच्या खोऱ्यातून समुद्राकडे धावत असता वाटेतील सात माणसांना घेऊन गेले. त्यांत एक गरोदर स्त्री होती. बेटावर तीन आठवड्यांहून अधिक काळ पाऊस पडत होता. पण पावसाने धरण भरते, आणि भरलेल्या धरणाचे जास्तीचे पाणी सुखरूप वाहून जावे म्हणून त्याला सांडवा ठेवलेला असतो. या धरणाचा सांडवा मातीने बुजवला गेला असावा, असा निष्कर्ष पुढे झालेल्या स्वतंत्र चौकशीने काढला. आपण तो बुजवला, ही गोष्ट जमिनीच्या मालकाने नाकारली. तथापि इतरांचे जीव धोक्यात घातल्याच्या आरोपाचा त्याने अखेर प्रतिवाद केला नाही, आणि २०१४ साली त्याला सात महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. राज्याच्या निरीक्षकांनी हे धरण एकदाही तपासले नव्हते, आणि खाली माणसे राहत असतानाही सरकारी दप्तरात त्याची नोंद कमी धोक्याच्या वर्गात होती.

जगातील मोठ्या धरणफुटींच्या तुलनेत सात हा आकडा अल्प आहे. तरीही खासगी मालकीच्या लहान मातीच्या धरणांचा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर का लोकोइतके उपयुक्त उदाहरण सापडणे कठीण. कारण ज्या साखर कारखानदारीसाठी ते बांधले गेले ती १९७१ साली बंद पडली होती, जमीन हातोहात फिरून पाण्याशी व्यवसायाने संबंध नसलेल्या मालकाकडे आली होती, धरणाचे पाणी वापरणारे एक आणि पाळ ज्याच्या जमिनीत ती व्यक्ती दुसरी अशी विभागणी झाली होती, आणि धोका ज्यांच्या डोक्यावर होता त्यांना त्या धरणावर ना हक्क होता, ना त्याची पुरेशी माहिती. ही सगळी लक्षणे मी पुढे ज्या ज्या धरणांचा उल्लेख करणार आहे त्यांपैकी बहुतेकांत कमीअधिक प्रमाणात आढळतात.

धरण हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे कोयना किंवा भाक्रा उभे राहते, आणि त्यांच्या सुरक्षिततेची चिंता वाहणारे अभियंते, मोजमापाची यंत्रे, नोंदवह्या आणि पहारेही त्याबरोबर मनात येतात. परंतु पृथ्वीवर अडवलेल्या पाण्याचा पसारा अशा थोड्या प्रचंड बांधकामांपुरता नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राष्ट्रीय धरणसूचीत नव्वद हजारांहून अधिक धरणे नोंदलेली आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक खासगी मालकीची आहेत. शेतकरी, मळेवाले, शिक्षणसंस्था, घरमालकांचे संघ असे नाना प्रकारचे लोक त्यांचे धनी आहेत. सूचीच्या मापात न बसणारी तळी तर वेगळीच. यांतील बहुसंख्य धरणे मातीची आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. जागेवर मिळणारी माती, बैलांनी किंवा यंत्राने केलेली दाबणी आणि गावातली मजुरी, एवढ्या भांडवलावर उभे राहणारे दुसरे धरण नाही. मनुष्याने शेतीबरोबरच ही विद्या आत्मसात केली, आणि ती साधी दिसते म्हणूनच तिच्याविषयी गाफीलपणा फार.

मातीच्या धरणातून पाणी मुळीच झिरपत नाही, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. चांगल्या बांधलेल्या पाळीच्या पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण असते, पाण्याकडच्या उताराला लाटांपासून जपण्यासाठी दगडांचे अस्तर असते आणि गाभ्याखाली कठीण थरापर्यंत नेलेला पायाचा चर त्याच मातीने भरलेला असतो. तरीही जलाशयाचे पाणी या साऱ्यातून संथपणे वाट काढतेच. कारागिराचे कौशल्य त्या पाझराला सावकाश, खालच्या पातळीवरून आणि मातीचा एकही कण बरोबर न नेता बाहेर पडू देण्यात असते. गाळणीचे वाळू-खडीचे थर त्यासाठीच घातलेले असतात. पाझराचा वेग वाढला, त्याने मातीचे कण सोडवायला आरंभ केला, की पायथ्यापासून वर जलाशयाकडे एक नळी पोखरली जाऊ लागते. नळी वाढते तसा प्रवाह वाढतो, प्रवाह वाढतो तशी नळी वाढते, आणि कित्येक वर्षे सुरू असलेली ही क्रिया शेवटच्या काही तासांत पाळ खचवून पुरी होते. मोठ्या मातीच्या धरणांच्या अपयशांचा जो जागतिक अभ्यास झाला आहे त्यात साधारण निम्मी धरणे माथ्यावरून पाणी वाहिल्याने किंवा सांडवा अपुरा पडल्याने, आणि जवळजवळ तितकीच या अंतर्गत पोखरणीने गेलेली आढळतात. उतार घसरून गेलेली फारच थोडी. पोखरणीला सर्वांत आवडती जागा म्हणजे मोरीची भिंत, कारण दगडी वा काँक्रीटच्या नळाभोवती माती नीट दाबली जात नाही, आणि नळ व माती यांच्या बसण्यात फरक पडून मध्ये फट राहते. पुणेकरांना हे निराळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेतच्या कहाणीतही अपुऱ्या राहिलेल्या मोरीचा आणि तिच्यावर खचत गेलेल्या भरावाचा भाग होता, जरी ते धरण सरकारी, मोठे आणि बांधणीच्या अवस्थेतले होते.

माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याची गोष्ट आणखी सरळ आहे. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेले तर ती कदाचित सोसते, पण मातीच्या पाळीवरून गेलेले पाणी तिचा बाहेरचा उतार कापत कापत माथ्यापर्यंत येते, आणि एकदा माथ्याला खाच पडली की मग थांबवणारे कोणी नसते. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण. दुर्दैवाने माणसाला धरणाचा सगळ्यात निरुपयोगी भाग वाटतो तो हाच, कारण वर्षानुवर्षे तो कोरडा पडून असतो. कोणी त्यात भाजी लावतो, कोणी गुरे बांधतो, मासे निसटू नयेत म्हणून कोणी त्याच्या तोंडावर जाळी ताणतो, आणि त्या जाळीत पहिल्याच पुरात पालापाचोळा अडकून भिंत तयार होते. पाऊस कमी पडला तर पुढच्या हंगामाला चार दिवसांचे पाणी अधिक मिळावे म्हणून सांडव्याच्या तोंडाशी पोती रचण्याचा मोह तर बहुधा प्रत्येक तलावाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. ही कृत्ये करणारी माणसे दुष्ट नसतात. पाळीची उंची आणि सांडव्याची उंची यांतील मोकळे अंतर पुरासाठी राखलेले असते. ते त्यांना वाया गेलेले पाणी वाटते.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीस भंडारा जिल्ह्यातील एका जुन्या तलावावर काही तास घालविण्याचा योग आला. पाळीवर पळस आणि बाभूळ माजली होती; माथ्यावरची पायवाट गुरांच्या खुरांनी मध्यभागी खोल गेली होती, त्यामुळे पाळीची सर्वांत खालची पातळी बांधणाऱ्याने ठरवलेली उरली नव्हती, ती आता गुरांच्या वाटेने ठरत होती. पायथ्याशी एका ठिकाणी दगडाखालून बोटभर धार वाहत होती. तेथे उकिडवे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाने स्टीलचा पेला धारेखाली धरला, भरून घेतला, सपाट दगडावर ठेवला आणि पंचाने हात पुसत स्वस्थ बसून राहिला. काही वेळाने त्याने पेला अलगद उचलून तळाकडे निरखून पाहिले. तळ स्वच्छ होता. "पानी येते त्याचा भेव नाही, भाऊ," तो म्हणाला, "पानी माती घेऊन येते, त्याचा भेव." त्याच्या वडिलांना या राखणीबद्दल मालगुजाराकडून हंगामाला धान्य मिळत असे, त्याला स्वतःला कोणी नेमलेले नाही, कोणी काही देत नाही, आणि तरीही पावसाळ्यात एक दिवसाआड तो पेला घेऊन पाळीवर जातो. अंतर्गत पोखरणीवर अभियांत्रिकीच्या ग्रंथांत जी प्रकरणे आहेत, त्यांतील सर्वांत उपयोगी सूचना या पेल्यात होती. पाझर गढूळ झाला, किंवा पाऊस नसताना वाढला, की विलंब न लावता पाणी उतरवायचे, हाच त्या ग्रंथांचाही आदेश असतो.

मालगुजारी तलावांची परंपरा येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण खासगी मालकीच्या मातीच्या धरणांचा याहून मोठा समुदाय महाराष्ट्राच्या भूमीवर झाला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात हजारो तलाव आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजातील जाणत्यांच्या हातचे आहेत. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमीन देण्याचे धोरण ठेवले, पुढे ब्रिटिश अमलात मालगुजार हा गावच्या जमीनमहसुलाचा जबाबदार मालक ठरला, आणि तलाव त्याच्या मिळकतीत मोडू लागला. धानाच्या पिकाला ऐन वेळी पाणी मिळाले नाही तर वसुली बुडते, हे त्याला ठाऊक असल्याने पाळीची दुरुस्ती हा त्याच्या स्वार्थाचाच भाग होता; गाळ काढणे, माती टाकणे, मोरी उघडणे-बंद करणे यासाठी माणसे ठरलेली होती आणि त्यांचा मोबदला पिकातून जात होता. १९५१ च्या सुमारास मालगुजारी नष्ट झाली, तलाव सरकारात जमा झाले, कास्तकारांचे पाण्यावरचे निस्ताराचे हक्क राहिले, पण पाळीची राखण करणारा हात नाहीसा झाला. जमीनदारी पद्धतीचा अन्याय मी विसरलेलो नाही, आणि तिच्या नाशाविषयी मला तिळमात्र खेद नाही. परंतु मालकी काढून घेताना मालकीला चिकटलेले कर्तव्य कोणाच्या नावे चढवायचे, हा फेरफार कोणत्याच दप्तरात नीट नोंदला गेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

या प्रश्नाचे मर्म मला येथेच दिसते. खासगी धरण जोवर मालकाच्या पोटापाण्याशी बांधलेले असते तोवर त्यावर कोणाची तरी रोजची नजर असते. उपयोग संपला, कारखाना बंद पडला, मिळकत वारसांत वाटली गेली वा विकली गेली, की पाणी तेवढेच राहते आणि नजर जाते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे एका धार्मिक शिक्षणसंस्थेच्या मालकीचे केली बार्न्स धरण होते. वीज निर्माण करण्यासाठी ते वाढवत नेले गेले, १९५७ साली वीजनिर्मिती बंद झाली, आणि त्यानंतर ते एक रमणीय तळे म्हणून वीस वर्षे उभे राहिले. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि ३९ माणसे मेली. का लोकोचा कारखाना १९७१ ला बंद पडून पस्तीस वर्षांनी धरण गेले. या दोन्ही ठिकाणी धरण सांभाळण्याचे आर्थिक कारण आधी मेले, आणि माणसे नंतर.

अर्थात उपयोग चालू असला म्हणजे धोका नाही असेही नाही. केनियातील नाकुरू परगण्यात सोलाई येथे एका मोठ्या मळ्यावरचे पटेल धरण ९ मे २०१८ च्या रात्री फुटले आणि चाळीसहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ मुले, चिखलाखाली गाडली गेली. मळा पूर्ण चालू होता, पाण्याची गरज होती, आणि म्हणूनच एकामागून एक तळी बांधली गेली होती. देशाच्या जलप्राधिकरणाने ती विनापरवाना असल्याचे नंतर जाहीर केले. येथे नजर होती ती पाणी वाढविण्याकडे, आणि खाली राहणारे मजूर व अल्पभूधारक यांच्याकडे कोणाची नव्हती. धरणाच्या मालकास पाण्याचा लाभ मिळतो आणि जोखीम बव्हंशी दुसऱ्याच्या पदरात पडते, ही विषमता मातीच्या कोणत्याही दोषाइतकीच घातक आहे.

आणखी एक गोष्ट या घटनांचा क्रम लावताना ठळकपणे जाणवते. का लोको पहाटेच्या अंधारात, टोकोआ मध्यरात्रीनंतर, सोलाई रात्री, आणि आपल्या चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री. पाणी काही घड्याळ पाहून पाळ फोडत नाही. पण दिवसा पाळीवर कोणी गुराखी असतो, कोणी वाटसरू असतो, आरडाओरडा होतो, आणि रात्री फुटलेले धरण माणसांना अंथरुणात गाठते. लहान धरणाच्या बाबतीत पळून जाण्यास मिळणारा अवधी मिनिटांत मोजावा लागतो, कारण घरे पायथ्याशीच असतात. मोठ्या धरणाच्या पुराची बातमी नदीच्या पुढे धावू शकते. लहान धरणाच्या पुरापुढे धावणारी बातमी नसते.

आता कायद्याकडे वळू. खासगी तलाव फुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर मालकाची जबाबदारी किती, या प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेने दिलेला सर्वांत प्रसिद्ध निकाल एका गिरणीमालकाच्या तळ्याविषयीचाच आहे. लँकेशायरमधील रायलंड्झ या गिरणीमालकाने बांधवून घेतलेल्या तळ्याचे पाणी १८६० साली जुन्या बंद खाणीच्या वाटांतून शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची कसूर नव्हती, तरीही १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरविले की सुटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर ठेवावी. पुढे अवघ्या सहा वर्षांनी, १८७४ साली, प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रास रेल्वे कंपनी आणि कार्वेटनगरचा जमीनदार यांचा दावा आला. जमीनदारीतील जुने तलाव अतिवृष्टीत फुटून रेल्वेचे रूळ व पूल वाहून गेले होते. येथे न्यायमूर्तींनी रायलंड्झचे तत्त्व लावण्यास नकार दिला. हे तलाव पुरातन आहेत, लोकांच्या निर्वाहाला ते आवश्यक आहेत, ते राखणे हा जमीनदाराचा अधिकार आहे तसेच कर्तव्यही आहे, आणि तो ते मनात आले म्हणून बंद करू शकत नाही. तेव्हा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यासच तो उत्तरदायी.

दोन्ही निकाल आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत, आणि दुसऱ्याची दृष्टी मला अधिक खोल वाटते. हिंदुस्थानातला तलाव ही गिरणीमालकाच्या नफ्याची सोय नसून गावाच्या जगण्याचा आधार आहे, हे तिने ओळखले. पण तिचा उत्तरार्ध अपुरा राहिला. तलाव राखणे हे सार्वजनिक कर्तव्य असेल, तर ते नीट राखले जाते की नाही हे पाहणारी सार्वजनिक यंत्रणा हवी आणि राखणीच्या खर्चात समाजाचा वाटा हवा. यांपैकी काहीही न करता केवळ मालकाला मोकळे सोडल्याने खालच्या खोऱ्यातील माणसाच्या हाती उरते ते एवढेच की घर वाहून गेल्यावर निष्काळजीपणा शाबीत करत बसावे.

ब्रिटनने स्वतःच्या भूमीवर हा उत्तरार्ध लिहिला तो एका आपत्तीनंतर. २ नोव्हेंबर १९२५ रोजी वेल्समधील डोलगारोग गावाच्या वरचे एका ॲल्युमिनियम कंपनीचे एइगियाऊ धरण फुटले, त्या पाण्याने खालच्या कोएटी धरणाचा मातीचा भराव फोडला आणि सोळा माणसे मेली. त्यातून १९३० चा जलाशय सुरक्षितता कायदा आला, आणि १९७५ साली त्याची जागा आजच्या कायद्याने घेतली. या व्यवस्थेतील खुबी अशी की खर्च आणि जबाबदारी मालकाचीच राहते, परंतु तपासणारा अभियंता सरकारने मान्य केलेल्या यादीतूनच निवडावा लागतो, आणि त्याने सुरक्षिततेसाठी सांगितलेली दुरुस्ती मालकावर बंधनकारक असते. कायदा लागू होण्याची मर्यादा पंचवीस हजार घनमीटर साठ्याची होती. वेल्सने २०१६ पासून ती दहा हजारांवर आणली. १९२५ नंतर त्या देशात धरण फुटून एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. अमेरिकेने तपासणीचा कायदा १९७२ साली केला, पण तो कागदावर पडून होता. टोकोआची ३९ प्रेते निघाल्यावर, स्वतः जॉर्जियाचे असलेल्या राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आदेश दिला, सैन्याच्या अभियंत्यांनी चार वर्षांत सुमारे ८,८०० धोक्याची बिगरसरकारी धरणे तपासली आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरली. हवाई राज्याने नवा धरणसुरक्षा कायदा २००७ साली, का लोकोनंतर, केला.

आपला देश या बाबतीत मागे राहिला असला तरी रिकाम्या हाताचा नाही. संसदेने केलेला धरण सुरक्षितता कायदा डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाला. त्यात मालकाच्या व्याख्येत सरकारांबरोबर कंपन्याही येतात, पावसाळ्याआधी व नंतर तपासणी, आणीबाणीची कृतियोजना, कसूर केल्यास शिक्षा, हे सारे आहे. मात्र त्याचा अंमल पंधरा मीटरहून उंच धरणांवर आहे, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची लांबी पाचशे मीटर वा साठा दहा लाख घनमीटर यांसारख्या अटींत बसतो त्यांवर. केली बार्न्स धरण बारा मीटरच्या आसपास उंच, सुमारे सव्वाशे मीटर लांब होते आणि फुटताना त्यात सुमारे पावणेआठ लाख घनमीटर पाणी होते. ते आज विदर्भात असते, तर उंची, लांबी आणि साठा या तिन्ही मापांनी ते या कायद्याबाहेर राहिले असते. ३९ माणसे मारण्यास पुरेसे असलेले पाणी आपल्या कायद्याच्या दृष्टीने लहान आहे, यावर कायदा करणाऱ्यांनी विचार करावा. धरण किती उंच आहे यापेक्षा त्याच्याखाली कोण राहते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक, आणि त्यांच्या तपासणीसाठी नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे. परंतु शंभर हेक्टरपर्यंतच्या सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे दुसऱ्या खात्याकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, पाळीवरची झाडे आणखी कोणाकडे, अशा वाटणीत पाळ स्वतः बेवारशी होते. तिवरे धरण खासगी नव्हते, सरकारी होते. तरी गळती दिसत असल्याची ग्रामस्थांची तक्रार आधी झालेली होती, आणि धरणाखालची भेंदवाडी वाहून गेल्यावर खेकड्यांच्या बिळांची चर्चा झाली. उंदीर-खेकडे मातीची पाळ पोखरतात हे खरे आहे आणि जुन्या राखणदारांना ते पक्के ठाऊक होते. ते पाळीवरून फिरत ते बिळे शोधण्यासाठीच. बीळ हे कारण असेल, तर ते न दिसणे ही कसूर आहे.

याशिवाय गेल्या काही दशकांत खासगी पाण्याचा एक नवा प्रकार आपल्याकडे फैलावला आहे, तो म्हणजे शेततळे. द्राक्षे आणि डाळिंबे यांच्या मुलखात प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली, जमिनीच्या पातळीवर भराव उचलून बांधलेली तळी आता शिवाराशिवारात आहेत. बहुतेक लहान आहेत आणि त्यांतील पहिला धोका घसरून पडणाऱ्या लेकराबाळांचा आहे, म्हणून कुंपण आणि बाजूला बांधलेला दोर यांना पर्याय नाही. पण हेक्टरभराचे, तीन मीटर पाण्याचे तळे तीस हजार घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर पाणी धरते. ब्रिटनच्या कायद्याच्या मर्यादेपलीकडचे हे पाणी आपल्याकडे सातबाऱ्याच्या एका ओळीत मावते, आणि भराव रस्त्याच्या किंवा वस्तीच्या वर उचललेला असेल तरी त्याची दाबणी कोणी तपासत नाही. अस्तर फाटले की आतले पाणी थेट भरावात शिरते, आणि गाभा नसलेल्या सैल मातीत ते काय करील हे वर सांगितलेच आहे.

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. एकट्या शेतकऱ्याला किंवा कर्जबाजारी ट्रस्टला नवा सांडवा बांधण्याचा खर्च तलावाच्या सगळ्या उत्पन्नाहून जड जातो; हुकूम काढून पैसे उभे राहत नाहीत, आणि केवळ दंडाची भीती घातली तर मालक गळती लपवू लागतो. म्हणून तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, दुरुस्तीला अनुदान मिळावे, आणि ज्या धरणाचा उपयोग संपला आहे त्याची पाळ शास्त्रशुद्ध रीतीने कापून पाणी मोकळे करण्याचा मार्ग मालकाला सन्मानाने खुला असावा, असे माझे मत आहे. परंतु सांडवा बुजवणे, माथ्याची उंची विनापरवाना वाढवणे आणि गढूळ पाझर लपवणे या तीन गोष्टींना मात्र मुळीच क्षमा नसावी.

जिल्हा परिषदांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती एवढीच आहे. मृगाच्या आधी, मे महिन्याच्या ग्रामसभेत, आपल्या शिवारातील सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक मातीच्या पाळीचे नाव वाचावे. तिच्याखाली किती घरे आहेत, सांडवा मोकळा आहे का, मोरीची किल्ली कोणाकडे आहे आणि पावसाच्या रात्री पाळीवर कोण जाणार आहे, एवढे चार प्रश्न विचारून उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत. भंडाऱ्याच्या त्या वृद्धासारखा कोणी आपल्या गावात अजून असेल, तर त्याचे नाव त्या नोंदीत प्रथम घालावे, त्याला मानधन द्यावे, आणि त्याच्याबरोबर पाळीवर जायला गावातले एक तरुण पोर नेमावे.